1968 ची जीटीओ : डॅशबोर्ड उतरवण्याआधी पाटीचा क्रमांक टायटलशी जुळवून घ्या

आपण लिहिले आहे की काकांच्या शेडमध्ये 22 वर्षे झाकून ठेवलेली 1968 ची पॉन्टियाक जीटीओ आपल्या वाट्याला आली आहे, इंजिन जाम आहे, टायटल (गाडीच्या मालकीचा सरकारी कागद) अजून दिवंगत काकांच्याच नावावर आहे, आणि येत्या शनिवार-रविवारी आपण इंजिन व डॅशबोर्ड उतरवायला घेणार आहात. ‘कागदांचे नंतर पाहू.’ हे शेवटचे तीन शब्द वाचून राहवले नाही, म्हणून हे लांबलचक उत्तर. नऊ वर्षांपूर्वी मी पत्नीला नेमके हेच वाक्य ऐकवले होते आणि ती ते मला अजूनही परत ऐकवते.

बॅटरी, टायर, जुने पेट्रोल, होजपाइप यांबद्दल मी काही लिहीत नाही. ज्याने इंजिन उतरवायची तयारी केली आहे त्याला ते ठाऊकच असणार. मला सांगायचे आहे ते डॅशबोर्डच्या डाव्या टोकाला, समोरच्या काचेतून बाहेरून वाचता येणाऱ्या, गाडीचा ओळखक्रमांक कोरलेल्या त्या लहानशा धातूच्या पाटीबद्दल.

माझी गाडीही 1968 चीच जीटीओ, 400 घनइंचांच्या इंजिनाची. मूळ मालक वारले होते आणि त्यांच्या मुलाने मला विक्रीचा कागद व वडिलांच्या नावाचे टायटल दिले. मी दोन्ही कागद खणात ठेवले आणि दोन आठवड्यांत गाडीची समोरची काच काढली, इंजिनाचा ब्लॉक मशीन शॉपला पाठवला आणि रंगवण्यासाठी डॅशबोर्ड पत्र्यापर्यंत मोकळा केला. रंग लागू नये म्हणून पाटीवर चिकटपट्टी लावली असती तर पुरे होते. मी मात्र ड्रिलने तिचे दोन्ही रिव्हेट उडवले, पाटी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली आणि पिशवीवर मार्करने ‘डॅश, डावीकडे’ असे नीटनेटके लिहिले. त्या रिव्हेटांची डोकी फुलाच्या पाकळ्यांसारखी असतात आणि ती तशी का असतात, असा प्रश्नही मला तेव्हा पडला नाही. कारखान्याने बसवलेली पाटी कोणी हलवली तर ते पाहताक्षणी कळावे, हा त्या पाकळ्यांचा उपयोग आहे.

पाच महिन्यांनी मी नावबदलासाठी संबंधित कार्यालयात गेलो. संगणक क्रमांक घेईना. आधी वाटले की जुना क्रमांक 13 अक्षरांचा असल्यामुळे असे होत असावे, कारण 17 अक्षरांची पद्धत 1981 च्या मॉडेलांपासून आली आणि त्याआधीच्या गाडीची नोंद करताना खिडकीपलीकडची व्यक्ती बहुधा गोंधळतेच. प्रत्यक्षात टायटलवरच चूक होती. या गाडीच्या क्रमांकातला पहिला 2 म्हणजे पॉन्टियाक, 42 म्हणजे जीटीओ, 37 म्हणजे दोन दारांची हार्डटॉप (पक्क्या छताची, बाजूच्या खिडक्यांमध्ये खांब नसलेली) आणि 8 म्हणजे 1968. त्यापुढे कारखान्याचे अक्षर व सहा अंकी अनुक्रमांक. माझ्या पाटीवर सुरुवातीला 242378 होते आणि टायटलवर कोणीतरी कधीकाळी 242878 असे टंकले होते. 1968 ची जीटीओ हार्डटॉप आणि कन्व्हर्टिबल (छत उघडणारी) अशा दोनच रूपांत निघाली, म्हणजे तिथे 37 किंवा 67 हवे. 87 ची जीटीओ नाहीच. हे मी पहिल्या दिवशी, गाडी धुळीने माखलेली असताना, कागद हातात धरून काचेतून वाचले असते तर पाच मिनिटांत लक्षात आले असते.

चूक दुरुस्त करण्यासाठी गाडीची प्रत्यक्ष तपासणी आवश्यक होती. तपासनीस घरी आले, त्यांनी काच नसलेली, इंजिन नसलेली गाडी पाहिली आणि पाटी कोठे आहे असे विचारले. मी पिशवी पुढे केली. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. असा क्रमांक काढणे किंवा बदलणे हा अमेरिकेत संघीय कायद्याने गुन्हा आहे. दुरुस्तीसाठी ते अपरिहार्य असेल तर अपवाद आहे, परंतु रंगकामासाठी ते अपरिहार्य होते हे पटवून देणे माझ्यासारख्या हौशी माणसाला जड गेले. त्यांनी पाटी ताब्यात घेऊन पावती दिली. त्यांच्या जागी मी असतो तरी हेच केले असते, म्हणून त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती त्यानंतरच्या कारभाराची. एका खिडकीवर सांगितले की पाटी गाडीवर परत लागल्याशिवाय टायटल दुरुस्त होणार नाही. दुसऱ्या खिडकीवर सांगितले की टायटल दुरुस्त झाल्याशिवाय पाटी परत मिळणार नाही. आणि फोनवर चाळीस-चाळीस मिनिटे ताटकळल्यानंतर कळायचे की दोन्ही गोष्टी आमच्या अखत्यारीत येत नाहीत. मी भरलेला अर्ज एकदा केवळ जुन्या आवृत्तीचा आहे म्हणून परत आला. ती जुनी आवृत्ती मला त्याच इमारतीत, त्याच खिडकीवर, तीन आठवड्यांपूर्वी देण्यात आली होती. या रहाटगाडग्यात 14 महिने गेले.

सुटका झाली ती दोन गोष्टींमुळे. पॉन्टियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून कारखान्याच्या मूळ नोंदींच्या प्रती मिळतात. त्यांत माझा क्रमांक 37 सह स्पष्ट होता. दुसरे म्हणजे पॉन्टियाक बनवणाऱ्या जनरल मोटर्सच्या त्या काळातल्या गाड्यांत क्रमांकाचा काही भाग इंजिनाच्या ब्लॉकवर आणि चासीवरही ठोकलेला असतो. नंतर आलेल्या एका समंजस तपासनिसांनी चासीच्या बाजूच्या पट्टीवर तारेचा ब्रश मारला, खडू आडवा घासला, आणि गंजाच्या तपकिरी पृष्ठभागावर 28 (2 म्हणजे पॉन्टियाक, 8 म्हणजे 1968) आणि त्यापुढचे पी हे अक्षर पांढरे उमटले. पी म्हणजे मिशिगनमधल्या पॉन्टियाक शहराचा कारखाना. अनुक्रमांक जुळला आणि पुढच्या महिन्यात पाटी त्यांच्यासमोर परत बसवली गेली.

या काळात गाडीचे जे नुकसान झाले ते कागदांपेक्षा महाग पडले. मशीन शॉपने सिलिंडर 30 हजारांश इंच मोठे करून ब्लॉक परत दिला होता. गाडी आपली होते की नाही हेच ठरत नसताना जोडणी कशाला, म्हणून मी तो पातळ तेल फासून प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून ठेवला. प्लास्टिकच्या आत दमट हवेचा घाम धरला आणि दोन सिलिंडरांच्या भिंतींवर गंजाचे खड्डे पडले. सिलिंडर पुन्हा मोठे करावे लागले, घेऊन ठेवलेले आठही पिस्टन वाया गेले, आणि एकूण भुर्दंड 2,600 डॉलरच्या आसपास बसला. मशीन केलेला भाग ठेवायचाच असेल तर जाड तेल किंवा गंजरोधक फासावे आणि वर हवा खेळणारे सुती कापड टाकावे, हे मी आता जो ऐकेल त्याला सांगतो.

तेव्हा माझे मत असे, आणि ते मतच समजावे, कारण मी वकील नाही आणि प्रत्येक राज्याचे नियम निराळे आहेत. गाडी आहे त्या अवस्थेत, धुळीसकट, राहू द्या. पाटी, टायटल आणि चासीवरचा क्रमांक हे तिन्ही पडताळा आणि प्रत्येकाचे छायाचित्र घ्या. काकांच्या वारसाहक्काचा कागद आधी हातात घ्या आणि तपासणी लागणार असेल तर ती गाडी एकसंध असतानाच करून घ्या. टायटल सापडतच नसेल तर अनेक राज्यांत हमीपत्रावर टायटल मिळण्याची सोय आहे. ते कटकटीचे असले तरी सरळ आहे. व्हरमाँटमधून टपालाने नोंदणी करण्याची युक्ती कोणी सुचवेल, पण 2023 मध्ये त्या राज्याने बाहेरच्या रहिवाशांसाठी ती वाट जवळजवळ बंद केली आहे. आणि कोणी कितीही सांगितले तरी पाटीच्या रिव्हेटांना हात लावू नका.

इंजिनाबद्दल थोडेसे, कारण आपण विचारले आहे. जाम इंजिन स्टार्टरने फिरवू नका. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये भेदक तेल (गंजून अडकलेले भाग सोडवणारे पातळ तेल) सोडा, काही दिवस थांबा, आणि क्रँकच्या पुढच्या बोल्टवर लांब दांड्याचा पाना लावून मागे-पुढे अगदी थोडे-थोडे हलवा. सुटले तरी लगेच चालू करण्याचा मोह आवरा. या पॉन्टियाक इंजिनांत कॅमच्या (झडपा उघडणाऱ्या दंडाच्या) मूळ टायमिंग चाकाचे दाते नायलॉनचे होते. इतक्या वर्षांत ते ठिसूळ होतात आणि त्यांचे तुकडे खाली पडून ऑइल पंपाची जाळी तुंबवतात. म्हणून ऑइल पॅन उतरवून आत पाहिल्याशिवाय आणि पूर्ण धातूचे चाक बसवल्याशिवाय मी तरी हे इंजिन चालू करणार नाही. चालू करण्याआधी डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग, ज्याच्या दांड्याने ऑइल पंपही फिरतो) काढून ड्रिलने ऑइल पंप फिरवा आणि तेल रॉकरपर्यंत (इंजिनाच्या वरच्या, झडपा दाबणाऱ्या दांड्यांपर्यंत) चढलेले डोळ्यांनी पाहा. ड्रिल घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवायचे आहे, इथे शेवरोलेच्या इंजिनांची सवय असलेले लोक हमखास चुकतात. ब्रेकचे रबरी पाइप वरून चांगले दिसले तरी सगळे बदला, ते आतून सुजून बंद होतात.

मागच्या काचेचे खालचे कोपरेही पाहून घ्या. तिथून पाणी झिरपून डिकीचा तळ सडतो आणि गालिचा उचलेपर्यंत ते कळत नाही. माझ्या डिकीतून जॅक सरळ जमिनीवर पडला होता.

शनिवारी टायटल घेऊन काचेजवळ उभे राहाल तेव्हा पहिले सहा अंक काय आहेत ते इथे लिहा, म्हणजे मला पुढचे सांगता येईल. कारखान्याचे अक्षर आणि त्यापुढचे सहा अंक मात्र उघडपणे लिहू नका.