तालमीपासून सुरुवात कर

प्रिय,

तुझे फोटो नीट पाहिले. प्रकाश छान पकडला आहेस. शेवटच्या प्रसंगाचा फोटो तर कुठल्याही पोस्टरवर शोभेल. पण सगळे पाहून झाल्यावर त्या नाटकाच्या ग्रुपबद्दल मला काहीच कळलं नाही. ही मंडळी दिवसभर काय करतात, तालीम कुठे होते, नेपथ्य कोण उचलतं, प्रॉम्प्टिंगला कोण बसतं, यातलं एकही उत्तर त्या फोटोंत नव्हतं. हौशी नाटकाकडे वृत्तछायाचित्रकाराच्या नजरेनं बघायचंय असं तू लिहिलंस, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हौशी नाटकात प्रयोग म्हणजे अगदी शेवटचे एक-दोन तास. त्याआधीचे दोन-तीन महिने नोकरी, कॉलेज, क्लास, घरचं सगळं सांभाळून रात्री तालमी चाललेल्या असतात. पुण्याला हे नवीन नाही. ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ ला भरत नाट्य मंदिरात झाला. दिग्दर्शक जब्बार पटेल आणि नाना फडणवीस करणारे मोहन आगाशे, दोघंही डॉक्टरी पेशातले. आपलं पोटापाण्याचं काम करून नाटक करणारी माणसं, हा तुझ्या कामाचा खरा विषय आहे. तो फक्त रंगमंचाकडे कॅमेरा रोखून हाती लागत नाही.

म्हणून कॅमेरा घेऊन पहिल्यांदा जायचं ते तालमीला. प्रयोगाच्या दिवशी अनोळखी माणूस समोर कॅमेरा धरतो तेव्हा सगळे अवघडतात, आणि त्या दिवशी त्यांना आणखी एक ओझं नको असतं. तालमीला चार-पाचदा गेलास, कोपऱ्यात बसलास, चहा त्यांच्याबरोबर प्यायलास, की तुझ्याकडे कुणी बघेनासं होतं. मग खरे फोटो मिळायला लागतात. ऑफिसची बॅग खांद्यावर तशीच असलेला नट हातातल्या कागदांवरून वाक्यं पुटपुटतोय. खुर्च्या उलट्यासुलट्या मांडून दार आणि खिडकी ठरवलीय. जमिनीवर खडूनं आखलेल्या रेघेपाशी येऊन एक मुलगी थांबते, कारण तिथे भिंत आहे, आणि ती भिंत अजून फक्त या सात-आठ जणांनाच दिसते. असा एक फोटो मला पोस्टरवरच्या दहा फोटोंहून मोलाचा वाटतो.

तालमीच्या खोलीतला उजेड मात्र छळतो. तिथे बहुधा ट्यूबलाइट असते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. शटर सेकंदाच्या १/५०० वर नेलंस की एका फोटोत चेहरा पिवळट येतो, पुढच्यात हिरवट. १/१०० किंवा १/५० वर राहा. हालचाल हलून येईल, पण वाक्य संपवून नट क्षणभर थांबतो तेव्हा बटण दाब. चार तालमी पाहिल्यास की तो कुठे थांबतो हे तुला पाठच होईल.

रंगीत तालीम अजिबात चुकवू नकोस. प्रकाशयोजना, वेशभूषा, संगीत सगळं तिथे एकत्र येतं, प्रेक्षक नसतात, आणि दिग्दर्शकाची परवानगी असेल तर पहिल्या रांगेच्याही पुढे जाता येतं. एक्स्पोजर मॅन्युअलच ठेव, म्हणजे किती उजेड घ्यायचा ते कॅमेरा नाही, तू ठरवशील. काळ्या पडद्यापुढे पांढऱ्या सदऱ्यातला माणूस उभा राहिला की कॅमेरा काळोख बघून फसतो आणि चेहरा पांढराफटक करून टाकतो. चेहऱ्यावर मोज, बाकी काळं राहिलं तर राहू दे. अ‍ॅपर्चर एफ २.८, शटर १/२००, आयएसओ ३२०० इथून सुरुवात कर आणि फोटोत दाणे दिसले म्हणून घाबरू नकोस. आवाज नको म्हणून सायलेंट शटर वापरणार असशील तर एलईडी दिव्यांखाली आडवे पट्टे येतात का, ते याच दिवशी तपास. प्रयोगात कळून उपयोग नाही.

प्रयोगात फ्लॅश नाही, हे तुला माहीत आहेच. फोकससाठी पेटणारा तांबडा दिवाही बंद कर आणि मागचा स्क्रीनसुद्धा. ब्लॅकआउटमध्ये तो स्क्रीन अख्ख्या प्रेक्षागृहाला दिसतो. बालगंधर्वसारख्या मोठ्या नाट्यगृहात मागून काढायचं तर ७०-२०० ची लांबची लेन्स हवी. सुदर्शनच्या छोट्या रंगमंचाला मात्र ३५ किंवा ५० ची लेन्स पुरते, पण तिथे शटरचा प्रत्येक आवाज नटाच्या कानावर जातो. पॉजमध्ये क्लिक करू नकोस. त्या शांततेसाठी त्यांनी महिनाभर घाम गाळलेला असतो.

मेकअप रूमबद्दल स्पष्ट सांगतो. आधी विचार, मग आत जा, आणि कुणी कपडे बदलत असेल तर बाहेर थांब. लहान मुलं असतील तर आईवडिलांना विचारल्याशिवाय फोटो कुठेही टाकायचा नाही. पण आत जायला मिळालं तर घाई करू नकोस. विशीतल्या मुलीच्या कपाळावर सुरकुत्यांच्या रेघा ओढल्या जातात, ती आरशात बघत आजीचा आवाज लावून बघते, आणि शेजारी कुणीतरी दातात टाचणी धरून तिच्या नऊवारीचा काष्टा नीट करत असतं. ते टाचणीवालं माणूस फोटोत हवं. त्याचं नाव घोषणेत घाईघाईत घेतलं जातं.

‘जरा परत तसंच करा ना’ असं चुकूनही म्हणू नकोस. नारळ फुटायचा क्षण हुकला तर हुकला. उजेड-अंधार थोडा सावरणं, कडा कापणं चालेल, पण विंगेतली प्लॅस्टिकची बादली दिसते म्हणून पुसून टाकायची नाही. ती बादली तिथे होती.

पावसाळ्यात पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेला भरत नाट्य मंदिरात जा. १९६३ पासून चालू असलेली ही स्पर्धा कॉलेजच्या मुलांची आहे, आणि ‘अरे आव्वाज कुणाचा’ सुरू झालं की सगळे फोटोग्राफर घोषणा देणाऱ्यांकडे वळतात. तू एकदा मागच्या बाजूला जा. एका संघाचं नेपथ्य उतरत असतं, दुसऱ्याचं ठरलेल्या वेळेत लागायचं असतं, आणि मधल्या त्या धावपळीत कुणीही कॅमेऱ्यासाठी तोंड हसरं करत नाही.

आता सगळ्यात कंटाळवाणं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम. प्रत्येक फोटोखाली ओळी लिही. संस्था, नाटक, ठिकाण, तारीख, आणि डावीकडून प्रत्येकाचं नाव, शुद्धलेखनासकट त्यालाच विचारून. कोरसमधल्यांचंही, लाइट ऑपरेट करणाऱ्याचंही. हौशी संस्थांचे जुने फोटो लोक कपाटातून काढून दाखवतात तेव्हा प्रमुख नटांची नावं सांगतात आणि मग ‘हा कोण बरं’ म्हणून बोट अडकतं. फोटो काढणाऱ्यानं त्याच रात्री विचारलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं. आणि ग्रुपला मूळ आकाराच्या फाइल्स दे. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या फोटोची छापायच्या वेळी दैना होते.

तुझ्या ग्रुपची पुढची तालीम कधी आहे ते कळव. तोवर आधीच्या फोटोंतले वीस निवड, त्यातले रंगमंचावरचे पाचच ठेव, सगळ्यांखाली ओळी लिही आणि रविवारी सकाळी घरी घेऊन ये. नावं राहिली असतील तर त्यांना फोन करून विचार, अंदाजानं लिहू नकोस.

तुझा,
काका