ठरवलेलं चार दिवसांत मोडतं आणि मग मन खचतं. स्वतःत बदल घडवायचा तरी कसा?

तुम्ही लिहिलंय की पहाटे पाचला उठणं, व्यायाम, मोबाईल कमी, असं दर सोमवारी ठरवता, गुरुवारपर्यंत सगळं बारगळतं आणि मग ‘आपल्यात दमच नाही’ हे डोक्यात घोळत राहतं. मी काही समुपदेशक नाही. श्रीवर्धन तालुक्यात नारळी-पोफळीची वाडी आहे, त्यावर घर चालतं. पण ठरवलेलं मोडण्याचा अनुभव भरपूर आहे, म्हणून लिहितोय.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आमच्याच किनाऱ्यावर चढलं. दुपारच्या काही तासांत वाडीतल्या निम्म्याहून जास्त पोफळी आडव्या झाल्या, आजोबांनी लावलेले माड मुळासकट उपटले. त्यात लॉकडाऊन, आणि वीज महिनाभर नाही. पोफळ लावल्यावर सुपारी धरायला पाच ते सात वर्षं जातात. माझं वय तेव्हा सत्तेचाळीस. हिशेब मांडला तर नव्या झाडाचं पीक हातात येणार ते पन्नाशी उलटल्यावर. ज्या पोफळी उभ्या राहिल्या त्यांचंही खरं नव्हतं. हे सावलीतलं झाड, शेजारची सावली गेली की दुपारनंतरच्या उन्हाने खोड भाजतं. मग खोडांना झावळ्या गुंडाळत बसलो.

त्या वर्षी माझी तंबाखू वाढली. सोबतीला सुपारी घरचीच. (सुपारी नुसती खाल्ली तरी कर्करोग होऊ शकतो, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2004 च्या अहवालात तसं स्पष्ट म्हटलंय. बागायतदाराने हे लिहावं का, असं आमच्याकडे कोणीतरी म्हणेलच. म्हणू दे.) सोडायची शपथ दर सोमवारी, तुमच्यासारखीच. दोनदा तर देवासमोर नारळ ठेवून. चिडचिड इतकी की आमची ही एक दिवस सरळ म्हणाली, “सोडू नका, पण किती खाता ते तरी एकदा मोजा.”

मोजलं. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने रेघा. माझा अंदाज होता दिवसाला पाच-सहा वेळा. पहिल्याच दिवशी सतरा रेघा निघाल्या. आठवडाभर रेघेसमोर वेळही टाकली, तेव्हा कळलं की सतरातल्या आठ-नऊ दुपारी दोन ते चारच्या. म्हणजे जेवण झालं की मी मागच्या पडवीत खुर्चीवर बसायचो, समोर मोडलेली वाडी, आणि हात आपोआप खिशात. एवढी साधी गोष्ट मला इतके महिने दिसली नव्हती. मी आपला स्वतःला नादान म्हणून शिव्या घालत होतो.

मग तंबाखूला हात न लावता आधी खुर्ची उचलली आणि पुढच्या ओटीवर आणून टाकली. दुपारी चहा झाला की वाडीत जाऊन एका आळ्यातला पालापाचोळा काढायचा, एवढंच काम लावून घेतलं. एकच आळं. पंधरा दिवसांनी रेघा दहावर आल्या होत्या.

घड्याळाची वेळ मी मुद्दाम धरली नाही. आमच्या शेजारच्या काकी खाडीत तिसऱ्या (खायच्या शिंपल्या) काढायला जातात. भरती रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते, म्हणून त्या तिथीवर हिशेब करतात: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला भरती तीनला, म्हणजे ओहोटी नऊच्या आसपास, की टोपली घेऊन निघाल्या. रोज सकाळी आठ वाजता जायचं असं त्यांनी ठरवलं असतं तर निम्मे दिवस गळाभर पाण्यात उभ्या राहिल्या असत्या. तुमचा पाचचा गजर मला तसा वाटतो. नवी सवय रोज नक्की होणाऱ्या कामाला बांधा: चहा झाल्यावर, आंघोळीआधी, दुकानाचं शटर ओढल्यावर.

मे 2021 मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं. आमच्याकडे नुकसान तुलनेने थोडं, पण वाऱ्याचा तो आवाज ऐकूनच मी गळपटलो. परत तंबाखू, चांगले अकरा दिवस. बाराव्या दिवशी कॅलेंडर उलटं करून पुन्हा पेन्सिल घेतली, कारण या खेपेला निदान सुरुवात कुठून करायची ते माहीत होतं. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधला एक अभ्यास वाचनात आला. 96 जणांनी खाण्या-पिण्याची किंवा व्यायामाची एकेक नवी सवय लावायचा प्रयत्न केला. ती अंगवळणी पडायला कुणाला 18 दिवस लागतील तर कुणाला 254, मधला आकडा 66, असं त्यात निघालं. मधे एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही आढळलं. 21 दिवसांत सवय लागते म्हणतात ते विसरा. आणि वाडीवाल्याला हे वेगळं सांगायला नको. उन्हाळ्यात एक दिवस शिंपण चुकलं म्हणून पोफळ मरत नाही. चुकलं म्हणून रागाने पंपच बंद केला तर मरते.

एक मात्र गंभीरपणे. झोप उडालीय, जेवण जात नाही, जगणंच नको वाटतंय, असं असेल तर रेघाबिघा बाजूला ठेवा आणि 14416 ला फोन करा. टेली-मानस ही सरकारची मोफत सेवा आहे, मराठीत बोलता येतं. आम्हाला त्या वर्षी ही सोय नव्हती, ती 2022 मध्ये सुरू झाली.

तुम्ही विचारलेल्या तीन गोष्टींपैकी मी मोबाईल आधी घेतला असता, कारण माझा अंदाज असा की पाचला जाग न येण्याचं मूळ रात्री साडेबाराच्या मोबाईलमध्ये आहे. अंदाज चुकीचाही असेल. आठवडाभर काहीही न बदलता फक्त लिहा: मोबाईल खाली कधी ठेवला, त्याआधी काय चाललं होतं, कुठे बसला होतात. मग इथेच खाली टाका, बघू तुमची खुर्ची कुठे आहे.