दोन लाखांचं कर्ज काढून महागडं अ‍ॅब्लेशन?

तुमचा प्रश्न असा: वडील 66 वर्षांचे, एट्रियल फिब्रिलेशनचे (हृदयाचे ठोके अनियमित होण्याच्या विकाराचे) झटके अधूनमधून येतात, गोळ्यांना दाद देत नाहीत. रुग्णालयाने रेडिओफ्रीक्वेन्सी अ‍ॅब्लेशनचा (ठोके बिघडवणारे संकेत अडवण्यासाठी हृदयात नळी घालून करायच्या उपचाराचा) अंदाज साडेतीन लाख दिलाय, नव्या पल्स्ड फील्ड पद्धतीचा सात लाख. कुटुंबाची फ्लोटर पॉलिसी, म्हणजे सगळ्यांना मिळून एकच विमारक्कम, पाच लाखांची. वरचे दोन लाख 14 टक्क्यांनी पर्सनल लोन घेऊन भरावेत का?

माझ्या मते, नाही.

आधी जास्तीच्या पैशांत काय मिळतं ते बघू. रेडिओफ्रीक्वेन्सीत उष्णतेने आणि क्रायोबलून या दुसऱ्या जुन्या पद्धतीत थंडीने, फुप्फुसांतून हृदयात येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी व्रण करतात. पल्स्ड फील्डमध्ये विजेचे अतिसूक्ष्म काळाचे झटके देतात. त्यामुळे अन्ननलिकेला इजा व्हायची भीती कमी आणि वेळही थोडा वाचतो. पण गुण येण्याचं काय? 2023च्या अ‍ॅडव्हेंट चाचणीत तुमच्या वडिलांसारख्याच, अधूनमधून झटके येणाऱ्या 607 रुग्णांत वर्षभरानंतर यश पल्स्ड फील्डला 73 टक्के, उष्णता-थंडीच्या पद्धतींना 71 टक्के. गंभीर गुंतागुंतीतही मोठा फरक दिसला नाही. म्हणजे कोणतीही पद्धत घ्या, चारातल्या एकाला तरी त्रास परत होऊ शकतो, आणि काहींना पुन्हा अ‍ॅब्लेशन करावं लागतं.

इथेच तुमचं गणित बिघडतं. सात लाखांच्या पर्यायात वर्षभराचं विमाकवच एका दमात संपेल. फ्लोटर आहे, त्यात तुम्ही आणि मुलंही आहात! शिवाय तीन वर्षांच्या कर्जाचा हप्ता सुमारे 6,835 रुपये, व्याज 46,000च्या घरात. साडेतीन लाखांत काम झालं तर दीड लाखाचं कवच शिल्लक राहतं.

डॉक्टरांना मात्र स्पष्ट विचारा: वडिलांच्या बाबतीत पल्स्ड फील्डच हवं, असं काही वैद्यकीय कारण आहे का? असेल तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवा. पण मग पर्सनल लोनऐवजी एफडी मोडा, दंड व्याजापेक्षा स्वस्त पडेल. आणि तुमचे डॉक्टर कोणत्या पद्धतीने जास्त अ‍ॅब्लेशन करतात, हेही विचारा. मी तर हातखंड्याला यंत्रापेक्षा जास्त किंमत देईन.

खोलीभाड्याची मर्यादा पॉलिसीत बघून घ्या. ती रोज 5,000 असताना 8,000ची खोली घेतली, तर डॉक्टरांच्या फीलाही त्याच प्रमाणात कात्री लागू शकते. कॅशलेसची पूर्वमंजुरी रकमेसकट लेखी घ्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या अ‍ॅब्लेशननंतरही किमान दोन महिने आणि पक्षाघाताचा धोका जास्त असेल तर कायम चालतात. तो खर्च महिन्याच्या हिशेबात आत्ताच धरा.