तांब्या हाताशी ठेव

चि. पोरी, अनेक आशीर्वाद.

डिंकाच्या लाडवांचा डबा भरभरून, आणि पाणी मात्र मोजून चार भांडी! बाळंतीण म्हणून सासूबाई तुला असं देतात, हे तुझ्या पत्रात वाचून हसूच आलं. माझ्या बाळंतपणातही हेच. पाण्यानं पोट सुटतं म्हणून माझ्यापुढचा तांब्या उचलून ठेवला होता. बद्धकोष्ठानं जीव नकोसा झाला. बाळाला छातीशी घेतलं की लगेच घशाला कोरड पडते ना? मग भरलेला तांब्या जवळ घेऊनच पाजायला बसायचं. दूध वाढावं म्हणून बळेबळे ढोसायचं मात्र नाही, त्यानं वाढत नाही.

दूध येतं ते बाळ ओढतं म्हणून. जितकं रिकामं होईल तितकं भरतं. म्हणून रात्रीचं पाजणं चुकवू नकोस. 'पुरत नाही, पुरत नाही' असं घरात कुणी म्हणालं तर लंगोट मोज. पाच दिवसांच्या पुढच्या बाळानं दिवसरात्रीत सहा-सात ओले केले आणि वजन वाढतंय, तर पुरतंय.

मग लाडू कशाला? तुझ्यासाठी. पहिले सहा महिने तुला रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात. एक बाजरीची भाकरी, वाटीभर घट्ट वरण, एक लाडू, कपभर दूध, झाला हिशेब. अळिवाची खीर जरूर खा, त्यात लोह आहे. पण नुसतं तूप-गूळ आणि भाजी म्हणून रोज दुधी, हे नको. मेथी, शेपू, अंडं, मासे, फळं सगळं चालतं. वांग्यानं, हरभऱ्यानं बाळाचं पोट फुगतं म्हणतात. दर वेळी तेच खाऊन बाळ कळवळलं तर ते सोड, आधीच अर्धा बाजार वर्ज्य करू नकोस.

लोहाची गोळी १८० दिवस घ्यायची. चहाबरोबर नको, कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नको.

शेकशेगडी आवडत असेल तर घे, पण दारं लावून धुरी नको. बाळाच्या इवल्या छातीला धूर सोसत नाही.

आणि ते झोपलं की भांड्यांकडे बघायचंसुद्धा नाही, आडवं व्हायचं. सारखं रडू येतंय, पंधरा दिवस झाले तरी थांबत नाही, असं झालं तर लाजू नकोस, डॉक्टरांना सांग.

रविवारी येते. पाण्याचं सासूबाईंशी मीच बोलेन. दोन लाडू माझ्यासाठी ठेव.

तुझी मावशी