वाचक विचारतात : तीन भाषांचं दुकान आणि गायब झालेली पट्टी

प्रश्न : नमस्कार मॅडम. खडेबाजारात आमचं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. जुन्या संगणकावर विंडोज ११ चढत नाही म्हणून भाच्यानं डेबियन हे लिनक्स आणि त्यावर एक्सएफसीई हा डेस्कटॉप घालून दिला. चालतंय झकास. पण आमच्याकडं एक गिऱ्हाईक तहसीलदारांच्या नावे कन्नड अर्ज सांगतं, दुसऱ्याला वास्तुशांतीची मराठी पत्रिका पाहिजे, तिसऱ्याला इंग्रजी बायोडेटा. सारखी भाषा बदलायची, आणि आत्ता कुठली चालू आहे तेच कळत नाही. भाचा म्हणतो, लिनक्सचा डेस्कटॉप आपल्याला पाहिजे तसा करून घेता येतो. कसा ते सांगा की.
— एक दुकानदार, बेळगाव

उत्तर : भाचा खरं सांगतोय. फक्त अशी मुलं सुरुवात वॉलपेपरपासून करतात, आपण कीबोर्डपासून करू.

सेटिंग्जमध्ये कीबोर्ड उघडा आणि लेआउट हा टॅब घ्या. ‘सिस्टिम डीफॉल्ट’ची खूण काढलीत की खालची यादी मोकळी होते. तिथं इंग्रजीखाली मराठी आणि कन्नड जोडा. एका वेळी चारच लेआउट बसतात, ती एक्सची, म्हणजे लिनक्समध्ये पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या प्रणालीची, मर्यादा आहे. तुमचं काम तिनात भागतंय.

आता कुठलं मराठी घ्यायचं? यादीत इनस्क्रिप्ट ही भारतीय भाषांची प्रमाण मांडणी आहे आणि कगपही आहे. कगप म्हणजे कन्नड गणक परिषद, नुडी हे कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर तयार करणारी संस्था. बेळगावातल्या टायपिस्टला नुडी माहीत नाही असं सहसा होत नाही, त्यामुळं तुमची बोटं आधीच त्या वळणाची असणार. गंमत म्हणजे तीच मांडणी लिनक्समध्ये मराठीलाही आहे. इंग्रजी ‘के’च्या कळीवर क, शिफ्ट धरलं की ख, ‘एफ’वर हलंत. लेआउट बदलून कन्नड केलंत की त्याच कळीवर कन्नड क. एक फरक मात्र ध्यानात ठेवा. नुडी मात्रा कुठं आणि सुटा स्वर कुठं हे आपलं आपण ओळखतं, इथं तसं होत नाही. ‘एकनाथ’मधला ए टाइप करायला उजवं ऑल्ट दाबावं लागतं. चार दिवस चिडचिड होईल, मग होणार नाही. हाताखालचा मुलगा टायपिंगची सरकारी परीक्षा देणार असेल तर तिथं कुठली मांडणी चालते ते आधी विचारून घ्या, इनस्क्रिप्ट चालत असेल तर तीच शिकवा. इनस्क्रिप्टमध्येही मराठी क आणि कन्नड क एकाच कळीवर आहेत, मुद्दामच तशी रचना केलेली आहे.

भाषा बदलायला कॅप्स लॉकची कळ नेमून टाका, त्याच टॅबमध्ये पर्याय आहे. नाहीतरी ती कळ चुकून दाबली जाण्यापलीकडं कुणाच्या कामाला येत नाही.

आणि आता तुमचा खरा प्रश्न, कुठली भाषा चालू आहे ते कळायचं कसं? पट्टीवर, म्हणजे पॅनेलवर, ‘कीबोर्ड लेआउट्स’ नावाचा प्लगिन बसवा. तो बसवल्याबरोबर देशाचा झेंडा दाखवायला लागतो. इंग्रजीला अमेरिकेचा, मराठीला तिरंगा आणि कन्नडलाही तिरंगाच. सीमाभागात यावर कुणाचा आक्षेप असायचं कारण नाही, पण अर्ज टाइप करणाऱ्याला त्याचा उपयोगही शून्य. प्लगिनवर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा, चित्राऐवजी अक्षरं निवडा आणि देशाऐवजी भाषेचं नाव निवडा. त्याच खिडकीत आणखी एक पर्याय आहे, तो मला या सगळ्यात जास्त मोलाचा वाटतो. भाषा सगळीकडं एकच ठेवायची की प्रत्येक खिडकीला वेगळी, हे तिथं ठरवता येतं. ‘प्रत्येक खिडकीला वेगळी’ निवडा. ब्राउझरमध्ये कन्नड अर्ज अर्धा भरलाय, तेवढ्यात पत्रिकावाला आला, तुम्ही रायटरवर, म्हणजे लिबरऑफिसच्या मजकूर लिहायच्या कार्यक्रमावर, गेलात तर तिथं मराठी. परत अर्जावर आलात की कन्नड आपोआप. कॅप्स लॉकचं अर्धं काम इथंच वाचलं.

फॉन्टचं थोडक्यात सांगते. डेबियनमध्ये नोटो आणि लोहित, दोन्ही घराण्यांत देवनागरीही आहे आणि कन्नडही. एकच घराणं दोन्ही लिप्यांना घेतलंत तर अक्षरांची जाडी जुळते. पट्टीची उंची दोन-चार पिक्सेलनं वाढवा, नाहीतर घड्याळातल्या ‘गुरुवार’चे उकार खालून कापले जातात. रायटरच्या भाषा-पर्यायात ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट’ची भाषा हिंदी असेल तर ती मराठी करा. फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श आपल्या वळणाचे उमटतात. पत्रिका छापणाऱ्याला एवढं तरी दिसलंच पाहिजे.

शेवटी एक खास दुकानासाठी. ऑनलाइन अर्जांना फोटो ठरावीक केबीच्या आत लागतो आणि गिऱ्हाईक मोबाइलवरचा पाच एमबीचा घेऊन येतं. थुनार, म्हणजे तुमचा फाइल मॅनेजर, त्यात ‘कस्टम अॅक्शन’ करता येते. नाव द्या ‘अर्जासाठी बारीक कर’. कुठल्या फायलींवर दिसावी या टॅबमध्ये फक्त चित्रांवर खूण ठेवा. आज्ञेच्या जागी इमेजमॅजिक या चित्रं बदलणाऱ्या कार्यक्रमाचा हुकूम बसतो. जेपेगचा जास्तीत जास्त आकार ५० केबी धर, असं त्याला सांगता येतं. नेमकी ओळ भाच्याकडून लिहून घ्या, इंग्रजी हुकूम या पानावर छापायची सोय नाही. आणि नवी फाइल वेगळ्या नावानं निघेल असंच लिहायला सांगा, नाहीतर गिऱ्हाइकाचा मूळ फोटोच जायचा. त्यानंतर फोटोवर उजवी क्लिक, ‘अर्जासाठी बारीक कर’, संपलं काम.

प्रश्न : पट्टी वरून खाली न्यायच्या नादात पट्टीच गेली. मेनू नाही, घड्याळ नाही, काही नाही. संगणक फॉरमॅट करावा का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : अजिबात नको. रिकाम्या डेस्कटॉपवर उजवी क्लिक करा, कार्यक्रमांचा मेनू तिथंही येतो. त्यातून टर्मिनल उघडून पॅनेल नुसतं पुन्हा सुरू केलं तरी पुष्कळदा काम होतं.

नाही झालं तर तुमच्या होम फोल्डरमध्ये एक लपलेलं कॉन्फिग फोल्डर असतं, त्यात ‘एक्सएफसीई ४’ नावाचं फोल्डर आहे. सगळी सजावट तिथंच साठते. त्याचं नाव बदला, पुसू नका. पुन्हा लॉग इन केलंत की कोरी पट्टी मिळेल. मात्र लोक हे डेस्कटॉप चालू असतानाच करतात आणि मग म्हणतात काही उपयोग झाला नाही. सेटिंग सांभाळणारा एक कार्यक्रम मागं सतत चालू असतो, तो आठवणीतली जुनी सेटिंग परत लिहून टाकतो. म्हणून आधी लॉग आउट करा, कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून काळ्या पडद्यावर जा आणि तिथून नाव बदला. पुढच्या वेळी पट्टीला हात लावण्याआधी ‘पॅनेल प्रोफाइल्स’मध्ये आहे ती मांडणी जपून ठेवा.

प्रश्न : मॅडम, मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट म्हणून स्वतःचं डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट करायचा विचार आहे, आपल्या सीमाभागातल्या मुलांसाठी. सी भाषा बऱ्यापैकी येते. सुरुवात कुठून करू?
— एक विद्यार्थी, खानापूर

उत्तर : सुरुवात विचार बदलण्यापासून करा. केडीई या डेस्कटॉपची घोषणा मथियास एट्रिखनं १४ ऑक्टोबर १९९६ रोजी केली. ऑलिव्हिए फुर्दाननं एक्सएफसीईला हात घातला तोही १९९६ मध्येच. मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी ग्नोम हा तिसरा डेस्कटॉप सुरू केला १९९७ मध्ये. तिन्हींचं काम अजून चालू आहे. तुमच्याकडं एक सेमिस्टर आहे, त्यातही अंतर्गत परीक्षा आणि गणपती.

डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट हा एक कार्यक्रम नसतो. खिडक्यांच्या चौकटी काढणारा वेगळा, पट्टी वेगळी, फायली दाखवणारा वेगळा, सूचना देणारा वेगळा, आणि लॉग इन झाल्यावर या सगळ्यांना उठवणारा सेशन मॅनेजर वेगळा. एक्सएफसीईत तर चालू डेस्कटॉपवर पट्टी बंद केली तरी खिडक्या तशाच राहतात. करून पाहा, पुस्तकातल्या आकृतीपेक्षा जास्त कळेल. यातला एक तुकडा उचला.

पहिल्या आठवड्यात जेनमॉन नावाचा प्लगिन घ्या. तुम्ही लिहिलेली स्क्रिप्ट तो ठरावीक सेकंदांनी चालवतो आणि तिनं जे छापलं ते पट्टीवर दाखवतो. लॅपटॉपच्या बॅटरीची अवस्था लिनक्स एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवतं. ती वाचा, ‘डिस्चार्जिंग’ असा शब्द आला की पट्टीवर ‘लाइट गेली’ छापा. दहा ओळींत होतं, आणि खानापुरात पावसाळ्यात त्याची परीक्षाही आपोआप होते.

मग खरा प्लगिन. एक्सएफसीईवाल्यांनी शिकणाऱ्यांसाठी नमुना प्लगिन ठेवलेला आहे, सी भाषेत, जीटीके या खिडक्या-बटणं काढणाऱ्या लायब्ररीवर. काय करायचं हे सुचत नसेल तर वर खडेबाजारातल्या दुकानदारांचा प्रश्न वाचा. झेंड्याऐवजी त्या त्या लिपीतलं अक्षर दाखवणारा प्लगिन करा. मराठीला म, कन्नडला कन्नड क, इंग्रजीला ए, प्रत्येकाचा रंग वेगळा, लांबून दिसेल असा. विषय लहान वाटतो, पण लेआउट बदलल्याची खबर कुठून मिळते, खिडकी बदलली हे कसं कळतं, छोट्या चौकोनात कन्नड अक्षर न कापता कसं बसवायचं, एवढं शोधताना डेस्कटॉपच्या पोटात खोलवर जावं लागतं. सीमाभागातल्या मुलांसाठी काही करायचंय म्हणालात ना, ते हेच.

खिडक्यांचंच वेड असेल तर दुसरी वाट आहे. एक्सवर खिडक्या सांभाळणारा कार्यक्रम सुटा असतो, म्हणून डीडब्ल्यूएमसारखा तो दोन हजार ओळींच्या आतही लिहिता येतो. त्याचं सेटिंग बदलायचं म्हणजे कोडमधलीच एक फाइल बदलून पुन्हा कंपाइल करायचं. सरावाला उत्तम. वेलँडमध्ये, म्हणजे एक्सची जागा घेणाऱ्या नव्या प्रणालीत, मात्र पडदा रंगवणं, कीबोर्ड-माउस ऐकणं आणि खिडक्या सांभाळणं हे सगळं एकाच कार्यक्रमाच्या, कंपोझिटरच्या, गळ्यात पडतं. ते शून्यातून लिहू नका. डब्ल्यूएलरूट्स नावाची लायब्ररी घ्या, तिच्यासोबत टायनीडब्ल्यूएल हा सुमारे हजार ओळींचा नमुना येतो. तो ओळीनं वाचून काढा.

प्रयोग चालू डेस्कटॉपवर करू नका. एक्ससाठी झेफिर आहे. तो एका खिडकीत दुसरा एक्स उभा करतो, तुमचा कार्यक्रम कोसळला तर तेवढीच खिडकी जाते. टायनीडब्ल्यूएलही असाच खिडकीत चालतो.

आणखी एक. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या एक्सएफसीई ४.२० मध्ये वेलँडचा प्रायोगिक आधार आहे. त्यासाठी त्यांनी खिडक्यांची माहिती देणारी लायब्ररी नव्यानं केली, ती एक्सवरही चालते आणि वेलँडवरही. खिडकी बदलल्याची खबर तुम्ही तिच्याकडूनच घ्या, थेट एक्सला विचारू नका. पाठ्यपुस्तकं जुनी असतात, गाइड सरांनी जुनं सांगितलं तर नम्रपणे दाखवून द्या.

प्रश्न : छापखान्यातून आलेली मराठी फाइल लिनक्सवर उघडली की ‘लग्नपत्रिका’च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. डेस्कटॉपचं कुठलं सेटिंग बदलू?
— एक वाचिका, शहापूर

उत्तर : कुठलंच नाही. ती फाइल जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये केलेली आहे. त्यात मराठी अक्षरं नाहीतच, इंग्रजीच्या जागांवर मराठीची चित्रं बसवलेली असतात. तो फॉन्ट नसला की मुळातली इंग्रजी उघडी पडते. नुसती छापायची असेल तर छापखान्याकडून पीडीएफ मागवा. मजकूर बदलायचा असेल तर आधी युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्या आणि जोडाक्षरं, रफार, र्‍हस्व इकार डोळ्यांनी तपासा, गडबड हमखास तिथंच होते. नवरीचं नाव आधी तपासा.