सिलिंडरचा काटा वाचताना

सगळे वायुनियम एकदम पाठ करायला बसू नका. सुरुवातीला बॉइलचा नियम (तापमान तेच असेल तर वायूचा दाब × आकारमान कायम) पुरे, बाकीचे सावकाश येतील. १० लिटरच्या ऑक्सिजन सिलिंडरवर काटा १०० बार (बार हे दाबाचं एकक) दाखवतोय, म्हणजे बाहेरच्या साधारण १ बार दाबाला १० × १००, साधारण १००० लिटर वायू. मिनिटाला १० लिटर सोडलात तर जेमतेम १०० मिनिटं. तेही पार रिकामा होईपर्यंत, म्हणून थोडं राखूनच धरा. रुग्ण हलवण्याआधी हा हिशेब झालाच पाहिजे.

नवे लोक हमखास फसतात ते इथे:

- नायट्रस ऑक्साइड (भुलीचा वायू) सिलिंडरच्या आत द्रवरूपात असतो. द्रव संपेपर्यंत काटा ५० बारच्या आसपासच राहतो आणि मग झपाट्याने उतरतो. काट्यावर विसंबू नका, सिलिंडरचं वजन करा.
- फ्लोमीटर (वायूचा प्रवाह मोजणारी नळी) उभाच हवा. आकडा आतल्या गोळीच्या मध्याशी वाचा.
- ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हला तेल किंवा ग्रीस? अजिबात नाही, पेट घेतं.