पहिलाच पीसी जोडला. पंखे फिरतात, पण मॉनिटरवर ‘नो सिग्नल’. काय चुकलं असेल?

तुम्ही रायझन 5 7600 प्रोसेसर, बी650 मदरबोर्ड, 32 जीबी डीडीआर5 रॅम आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड असं लिहिलंय, म्हणून पहिला उपाय फुकटचा: थांबा. नव्या रॅमसोबत पहिल्यांदा चालू करताना हे बोर्ड रॅमचं ‘ट्रेनिंग’ करतात, म्हणजे तिच्याशी जुळवून घेतात. तेवढा वेळ स्क्रीन काळीच, बोर्डावरचा डीरॅमचा (रॅमचा) छोटा दिवा मात्र लागलेला. यात काही मिनिटं सहज जातात. बिघाड समजून मध्येच बंद केलं की सगळं पहिल्यापासून. पंधरा मिनिटं हात लावू नका.

तरीही अंधारच असेल तर केबली बघा. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डलाच हवी. कार्ड बसवलेलं असताना बोर्डाच्या एचडीएमआयमधून बहुधा चित्र येत नाही. मग प्रोसेसरच्या सॉकेटजवळ, वरच्या डाव्या कोपऱ्यातली 8 पिनची सीपीयू पॉवर. माझा पहिला संशय हिच्यावरच, कारण बोर्डाच्या मुख्य 24 पिनच्या केबलवर पंखे मजेत फिरतात आणि सगळं ठीक वाटतं. तिथे एसएमपीएसची (पॉवर सप्लायची) 4+4 वाली लागते. 6+2 वाली ग्राफिक्स कार्डची; तिच्यात 12 व्होल्ट आणि ग्राउंडच्या ओळी उलट्या असतात, त्यामुळे जबरदस्तीने घुसवू नका.

रॅमच्या दोन पट्ट्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. बऱ्याच बोर्डांवर लॅच (पट्टी अडकवणारी खिटी) एकाच बाजूला असतो, त्यामुळे दुसरं टोक अर्धवट वर राहिलेलं कळत नाही. नवखे लोक भीतीने हलकंच दाबतात. इथे चांगला जोर लागतो.

एवढ्यानेही जमलं नाही तर विजेची वायर काढून सगळं उतरवा. 7600 मध्ये स्वतःचं ग्राफिक्स आहे, म्हणून कार्ड बाजूला, केबल बोर्डाला, एकच रॅम दुसऱ्या स्लॉटमध्ये, एसएसडीही नको. बायोसचा गोल सेल पाच मिनिटं काढून परत बसवा. बायोस (बोर्डाची सेटिंगची स्क्रीन) दिसला, तर एकेक वस्तू परत लावत जा. जिच्यानंतर स्क्रीन जाईल, तिथे बघा.

नाहीच दिसला तर बोर्ड कॅबिनेटबाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. चंदेरी पिशवीवर नको, तिच्यातून वीज वाहू शकते. पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने क्षणभर जोडल्या की चालू होतो. बाहेर चालला, तर कॅबिनेटमधला एखादा जादा स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर बसतो ती धातूची खुंटी) बहुधा बोर्डाला मागून टेकतोय.

प्रोसेसर शेवटी उचला. कूलर काढला की त्याच्या आणि प्रोसेसरच्या मधली थर्मल पेस्ट पुसून नवी लावायची. या सॉकेटमध्ये पिना बोर्डावर असतात. टॉर्च तिरका धरून वाकलेली पिन शोधा आणि दुकानात नेण्याआधी फोटो काढून ठेवा. वाकलेली पिन दिसली की वॉरंटी सहसा नाकारतात.